अर्जात "ताप" लिहायचा की खरं? जानेवारीत सहा दिवस शाळा बुडवून गावाला

खाडीपलीकडची
4 जानेवारी, रात्री 11.10

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरगुती आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

आम्ही ऐरोलीत राहतो. लेक चौथीत, शाळा स्टेट बोर्डाची, इंग्रजी माध्यम. नवरा रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला आहे. मे महिन्यात त्याच्या डिपार्टमेंटमधल्या अकरा जणांना रजा हवी असते, मिळते तिघांना, तीही सीनियॉरिटीने. दिवाळीत तेच. डिसेंबरात प्लांटचं शटडाऊन, तेव्हा रोज बारा-बारा तास. ते उरकलं की जानेवारीत साहेब आपणहून म्हणतात, आता पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, घे. त्यामुळे लेक शाळेत जायला लागल्यापासून आम्ही तिघं सलग चार दिवससुद्धा कुठे एकत्र गेलेलो नाही. मे महिन्यात मी आणि ती गावाला जातो. तो आम्हाला ठाणे स्टेशनवर गाडीत बसवून देतो, खिडकीतून पाण्याची बाटली आत सरकवतो आणि निघतो, कारण पहाटे फर्स्ट शिफ्ट असते.

यंदा त्याला शनिवार-रविवार धरून आठ दिवस मिळालेत, 15 ते 22. शाळेचे सहा दिवस जातात. आणि त्याच आठवड्यात कुडाळजवळच्या आमच्या गावची जत्रा आहे. सासरे होते तोवर दरवर्षी जायचे. नवरा शेवटचा गेला तो लग्नाआधी. जत्रेला रात्रभर दशावतार असतो, तो त्याला एकदा लेकीला मांडीवर घेऊन बघायचाय. ती आता नऊ वर्षांची, अजून दोन वर्षांनी मांडीवर बसणार नाही. जत्रा तिथीने येते, शाळेचं कॅलेंडर बघून येत नाही. जत्रेनंतर दोन दिवस तारकर्लीला जायचं ठरवलंय.

मी याला शैक्षणिक सहल वगैरे म्हणणार नाही. आम्हाला तिघांना एकत्र राहायचंय, समुद्रात खेळायचंय. खरं कारण एवढंच.

अडलंय ते अर्जापाशी. वर्गाच्या ग्रुपवरच्या बहुतेक जणी एकच सांगतात, "व्हायरल लिही, डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घे, कटकट नको." मागच्या वर्षी मी तेच केलं होतं. नणंदेच्या हळदीला आणि लग्नाला साताऱ्याला तीन दिवस गेलो. अर्जात ताप लिहिला, लेकीला सांगितलं, कुणी विचारलं तर ताप होता म्हण. परत आल्यावर तिच्या टीचरनी खरोखरच काळजीने कपाळाला हात लावून बघितला. म्हणाल्या, अजून अशक्तपणा असेल, पी.टी.ला पळू नकोस, पायरीवर बस. आठवडाभर ती पी.टी.च्या तासाला पायरीवर बसून बाकीच्यांचं पळणं बघत होती. मला पत्ताच नाही. शुक्रवारी रात्री झोपताना विचारते, "आई, ताप येऊन गेला की किती दिवस पळायचं नसतं?" तळहातावर लग्नातली मेंदी अजून पुसट दिसत होती. टीचर जवळ आल्या की ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची, हेही त्याच रात्री कळलं.

तेव्हाच ठरवलं, परत तिच्या तोंडून खोटं वदवायचं नाही. पण खरं लिहिलं आणि शाळा नाही म्हणाली तर? तुम्ही काय करता? नियम नेमका काय आहे?

सेक्टर_सतरा
4 जानेवारी, रात्री 11.42

मेंदीचं वाचून पोटात तुटलं.

आमची सीबीएसई, मुलगा सहावीत. मी "फॅमिली फंक्शन" लिहिते. आजवर कुणी हटकलं नाही. तुमच्याकडे तर जत्राच आहे, तेच लिहा. एक मात्र, नववी-दहावीत असलं काही करू नका. सीबीएसईत दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते. खऱ्या आजारपणासाठी सूट मागायची वेळ कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा दिवस शिल्लक असलेले बरे.

तिकीटखिडकी
5 जानेवारी, सकाळी 7.20

मूळ प्रश्नाचं माहीत नाही, पण तुतारी एक्सप्रेसने जाणार असाल तर तारीख परत एकदा बघून घ्या. ती दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते. बुधवारी रात्री घरातून निघायचं असेल तर तिकीट गुरुवारच्या तारखेचं हवं. दर महिन्याला ठाणे स्टेशनवर सामान-मुलं घेऊन उभी असलेली एक-दोन कुटुंबं बघतो, ज्यांची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते.

आणि मे महिन्याचं काय म्हणता, नोव्हेंबर 2024 पासून रिझर्वेशन 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. मेच्या गाड्यांसाठी मार्चमध्ये सकाळी आठला बसायचं आणि काही मिनिटांत वेटिंग बघायचं. कोकणातल्या माणसाला शाळेच्या सुट्टीतच गावाला जा म्हणणं सोपं आहे, तिकीट कोण देणार?

वर्तकनगरवाला
5 जानेवारी, सकाळी 10.05

मला हे पटत नाही. गोड करून सांगत नाही, राग मानू नका.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामगार होते. कंपनी बंद पडली तेव्हा मी सहावीत होतो. घरात फीचे वांधे, दोन वेळच्या जेवणाचे वांधे, पण आईने शाळा एक दिवस चुकू दिली नाही. तिचं म्हणणं होतं की बाकी सगळं आपल्या हातातून गेलंय, एवढं एक हातात आहे. त्यामुळे माझं मन या बाबतीत कडक झालंय, हे मान्य.

पण हे नुसतं मनाचं नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हीही गेलो होतो. पावसाळ्यात गोवा स्वस्त मिळत होतं म्हणून मुलाचे पाच दिवस बुडवले. अभ्यास भरून निघाला, त्याला आठवडा पुरला. न भरलेली गोष्ट दुसरीच. त्यानंतर दर सोमवारी तो विचारायचा, "आज नाही गेलो तर चालेल?" सत्र संपेपर्यंत हे चाललं. शाळा ही आई-बाबांच्या मर्जीने बुडवता येते, हे त्याला एकदा दिसलं ते दिसलंच.

दुसरं. तुमच्या लेकीच्या वर्गात एखादं तरी मूल असं असेल ज्याच्या बापाला जानेवारीतही रजा नाही आणि मेमध्येही नाही. ते सहा दिवस नेमाने येणार, आणि ही येऊन समुद्राच्या गोष्टी सांगणार. शाळा ही एकच जागा अशी होती जिथे सगळ्यांचे दिवस सारखे होते.

कलमदान
5 जानेवारी, दुपारी 1.30

नियमाचं विचारलंत म्हणून तेवढंच सांगतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं ठरवून दिलंय. हे बंधन शाळेवर आहे, मुलाने त्यातले किती दिवस यायचं याचा आकडा तिथे नाही. कलम 10 पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, पण आठवडाभर गावाला नेलं म्हणून दंड करायची तरतूद त्यात नाही. आठवीपर्यंत शाळा नावही काढू शकत नाही.

म्हणजे शाळा "रजा मंजूर नाही" म्हणू शकते. त्याचा अर्थ हजेरीपटावर गैरहजर लागेल. शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र जाईल. शाळेचे स्वतःचे काही नियम असतात ते डायरीच्या पहिल्या पानांत छापलेले असतात, ते वाचा. बहुतेक वेळा युनिट टेस्ट चुकली तर परत घेणार नाही, एवढंच असतं.

पाचवी आणि आठवीत मात्र जपून. 2019 च्या दुरुस्तीने त्या दोन इयत्तांत वार्षिक परीक्षेत मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती घेतलीय. तुमची चौथी आहे.

थेम्सकाठी
5 जानेवारी, संध्याकाळी 6.15

मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. आता नऊ वर्षं इंग्लंडात, लंडनच्या पश्चिमेला. "दंडाची तरतूद नाही" हे वाचून इकडचं सांगावंसं वाटलं.

इथे सत्र चालू असताना मुलाला फिरायला नेलं तर दंड होतो. ऑगस्ट 2024 पासून इंग्लंडभर एकच दर आहे: 21 दिवसांत भरला तर 80 पौंड, त्यानंतर 28 दिवसांपर्यंत 160. हा एका मुलामागे एका पालकाला. म्हणजे दोन मुलं आणि आई-बाप दोघं, तर चार दंड. शाळेचे दहा आठवडे धरून त्यात दहा अर्धे दिवस, म्हणजे पूर्ण पाच दिवस, विनापरवानगी गेले की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट 160, तिसऱ्यांदा सरळ कोर्टाचं प्रकरण होऊ शकतं. 2013 पासून मुख्याध्यापकांना अगदी अपवादात्मक कारण असेल तरच रजा देता येते, आणि फिरायला जाणं त्यात सहसा बसत नाही. आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी मुलीला सत्रात फ्लोरिडाला नेलं, दंड भरायला नकार दिला आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2017 मध्ये ते हरले. "नियमित" हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी, असं कोर्टाने सांगितलं.

एवढं सगळं असूनही लोक जातात. ख्रिसमसच्या आणि उन्हाळी सुट्टीत मुंबईचं विमान इतकं चढतं की दंड भरून आधी निघालेलं परवडतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या भावाचं लग्न होतं, मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. मुहूर्ताचं कारण मी पत्रात दोन परिच्छेद लिहून समजावलं. मुख्याध्यापिकेने लग्नाचा एक दिवस मंजूर केला, बाकी नाही. आम्ही आठ दिवस गेलो आणि दंड भरला. मैत्रीण म्हणाली होती, पोट बिघडलंय म्हण, कोण बघतंय. पण मुलगा तिथून आल्यावर वर्गात लग्नाचे फोटो दाखवणार होता, नवऱ्याला घोड्यावर बसवलं ते सांगणार होता. त्याला गप्प बसवायचं मला जमलं नसतं. दंडाची पावती मी जपून ठेवली आहे.

खाडीपलीकडची, तुम्ही खरं लिहा. तुमच्याकडे तर खऱ्याची किंमत फक्त एक शेरा आहे.

फळा_खडू
5 जानेवारी, रात्री 9.50

मी नवी मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकवते, मराठी माध्यम, 19 वर्षं झाली. शिक्षकाच्या बाजूने थोडं सविस्तर लिहिते.

आमच्या वर्गात मुलं सहा दिवस जात नाहीत, महिना-महिना जातात. शिमग्याला गेलेली पंधरा दिवसांनी येतात. नाक्यावर काम करणाऱ्यांची मुलं बुलढाण्याला, वाशिमला, कलबुर्गीला जातात ती पेरणी उरकून येतात. वीटभट्टीवरची तर दिवाळीनंतर गेली की पावसाच्या तोंडाशी. त्यांच्यासाठी सरकारने शिक्षण हमी कार्ड काढलं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. गरीब घरातल्या मागास समाजाच्या मुलींनी शाळेत यावं म्हणून 1992 पासून दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आहे. एक रुपया. तो घेताना सही करायला शिकलेल्या मुली मी पाहिल्यात. म्हणून वर्तकनगरवाल्या दादांचं म्हणणं मला कळतं. हजेरी ही काहींच्या आयुष्यात फार महाग वस्तू आहे.

पण तुम्ही विचारलंत ते वेगळं, अर्जात काय लिहायचं. तर ताप लिहू नका. बिनकामाचं खोटं वाटतं, पण आमच्याकडे त्या कागदावर पुढचं काम अवलंबून असतं. पावसाळ्यात एकाच चाळीतल्या दोन मुलांच्या चिठ्ठीत ताप आला की मी आरोग्य सेविकेला कळवते. ती त्या घरी जाते, शेजारच्या दहा घरांत जाते, पाण्याची पिंपं उघडून बघते. एकदा अशी ती भर पावसात चार मजले चढून गेली आणि घराला कुलूप. कुटुंब शिर्डीला गेलं होतं. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत खरा डेंग्यू होता आणि तिथे पोचायला तिला दोन दिवस उशीर झाला. त्या आईने वाईट हेतूने काही केलं नव्हतं. तिला फक्त बोलणी खायची नव्हती.

आता अभ्यासाचं. चौथीला जानेवारीत गणितात काय चाललंय ते आधी विचारा. भाषेचे धडे घरी वाचून होतात. गणितात जर भागाकार किंवा अपूर्णांक नव्याने सुरू होत असतील तर तो एक धडा जायच्या आधी घरी हळूहळू करून घ्या. पूर्ण दप्तर नेऊ नका, ते गाडीतही उघडत नाही आणि गावातही नाही. एक वही, रोज पाच गणितं, संपलं. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईला आधीच सांगून ठेवा की आल्यावर वह्या लागतील. ग्रुपवर रोज "आज काय झालं" विचारू नका, बाकीच्या आया वैतागतात.

परत आल्यावर रात्रीच्या गाडीतून उतरवून थेट वर्गात आणू नका. आणि गॅदरिंगची प्रॅक्टिस कधी आहे ते विचारा, जानेवारीत सगळीकडे तेच चालू असतं.

नेरूळची_आजी
6 जानेवारी, सकाळी 6.30

माझं माहेर रोह्याकडचं. आमच्या शाळेला भातकापणीत आपोआप सुट्टी पडायची, कारण वर्गात यायला कुणी उरायचंच नाही. गुरुजी आमच्याच गावात राहायचे, त्यांचीही एक खाचर होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळा अकराला भरायची. कुणी अर्ज लिहिल्याचं मला आठवत नाही, कारण गुरुजी आमच्याच शेजारी बसून नाटक बघायचे. आता टीचर कुठून तरी लोकल पकडून येतात आणि मुलं तीस सोसायट्यांतून. कुणाचं कुणाला माहीत नसतं, म्हणून कागद आला. तर त्या कागदावर खरं लिही गं बाळा. बाईला कळू दे आपल्या घरात काय आहे.

खाडीपलीकडची
6 जानेवारी, दुपारी 3.15

सगळ्यांचे आभार. आजी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

तिकीटखिडकी, तारीख तपासली. गुरुवारचीच आहे, आरएसी मिळालंय.

वर्तकनगरवाले दादा, राग अजिबात नाही. तुमच्या आईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या दुसऱ्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण गेली चार वर्षं ते मूल माझ्याच घरात होतं. मे महिन्यात सगळ्या वर्गाचे मनाली-केरळचे फोटो येतात तेव्हा हिच्याकडे बाबांबरोबरचा एकही नसतो. शाळेचे दिवस सगळ्यांचे सारखे असतात हे खरं, पण सुट्टीचे नसतात. शिफ्टवाल्याच्या घरी सुट्टी कॅलेंडरमध्ये लाल अक्षरात छापून येत नाही. सोमवारचं तुम्ही सांगितलंत ते मात्र मनाशी धरून ठेवते. तिला मी आधीच सांगणार आहे की हे वर्षातून एकदाचं आहे, आणि का आहे.

अर्ज आज दिला. इंग्रजीत आहे, मजकूर साधारण असा: "तिच्या वडिलांना वर्षातून एकदाच सलग रजा मिळते, ती या आठवड्यात आहे. आम्ही कुटुंब म्हणून गावच्या जत्रेला आणि फिरायला जात आहोत. राहिलेला अभ्यास आम्ही करून घेऊ. ती आजारी नाही." शेवटचं वाक्य खरं तर लागत नव्हतं. पण मला ते लिहायचं होतं.

वर्तकनगरवाला
6 जानेवारी, संध्याकाळी 7.40

माझं मत बदललेलं नाही. पण अर्ज चांगला लिहिलात. शाळा काय म्हणते ते कळवा.

सेक्टर_सतरा
12 जानेवारी, रात्री 10.20

काय झालं मग?

खाडीपलीकडची
12 जानेवारी, रात्री 11.00

ॲपवर उत्तर आलं. रजा मंजूर करता येत नाही, गैरहजेरी लागेल, अभ्यासाची जबाबदारी पालकांची. क्लास टीचर गेटवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मला कळवलंत हे बरं केलंत, पण ऑफिसचा नियम आहे." आम्ही जातोय. आल्यावर लिहिते.

खाडीपलीकडची
27 जानेवारी, रात्री 10.30

आलो. शुक्रवारी ती शाळेत गेलीच. गुरुवारी दुपारीच घरी पोचलो होतो, एक झोप झाली होती. काल झेंडावंदनालाही गेली. आज वेळ मिळाला.

जत्रेचं सांगते. देवळाच्या मागे धर्मशाळेत दशावतारी मंडळी तयार होत होती. नवऱ्याने लेकीला तिकडे नेलं, कारण त्याला त्याच्या वडिलांनी तसंच नेलं होतं. प्रत्येकाची आपापली पेटी, पेटीच्या झाकणाला टेकवलेला आरसा, वरून एक पिवळा बल्ब. स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवायचा. एक पन्नाशीचे गृहस्थ अर्धं नऊवारी नेसून, कमरेला पदर खोचून भुवई काढत बसले होते. रात्रीची राणी तेच होणार होते. लेक त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून एकटक बघत होती. त्यांनी आरशातूनच विचारलं, "खयसून इलंस गो?" म्हणाली, ऐरोली. "शाळा नाय काय तुका?" मी मागेच उभी होते, माझा श्वास अडकला. ती म्हणाली, "आहे. पण मी सांगून आलेय." ते म्हणाले, "बरां केलंस," आणि दुसरी भुवई काढायला लागले.

पालखीच्या प्रदक्षिणा होऊन नाटक उभं राहायला मध्यरात्र उलटली. पुढे बायका-मुलं चटईवर, मागे बापे उभे. थंडी चांगली होती. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर आला तेव्हा ती बाबांच्या शालीत पूर्ण शिरली आणि एक डोळा बाहेर ठेवला. मला माहीत नव्हतं, पण नवऱ्याने सांगितलं की यांची संवादाची वही नसते. कथा ठरलेली असते, वाक्यं तिथल्या तिथे सुचतात. हार्मोनियमवाला आणि पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघत वाजवतात. हे तिला सगळ्यात जास्त भिडलं. पाठ न करता इतकं कसं बोलतात, असं सारखं विचारत होती. तीनच्या सुमारास ती मांडीवरच झोपली. तो तसाच बसून राहिला, दहीकाला होईपर्यंत. पाय इतके आखडले होते की उठताना मी हात दिला. सकाळी खाज्याची पुडी घेतली आणि चालत घरी आलो. गुळाची आणि आल्याची खाजी, ती अजून डब्यात आहेत.

तारकर्लीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन दिवस पाण्यात होतो.

आता शाळेचं. सहा दिवस ॲपवर लाल "ए" दिसतोय. गणितात भागाकाराचा एक धडा होऊन गेला होता. फळा_खडू ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून तो आधीच सुरू केला होता, पण शेवटची मोठी गणितं तिला अजून जड जातायत. रोज बसतोय.

एक गोष्ट चुकली, आणि ती माझी चूक. गॅदरिंगचं विचारायचं मी विसरले. त्याच आठवड्यात डान्सच्या ओळी ठरल्या. ती पुढच्या ओळीत होती, आता सगळ्यात मागे आहे, कारण स्टेप्स बाकीच्यांना बसल्यात आणि हिला नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी खूप रडली. मी म्हटलं, मी टीचरशी बोलते. तर म्हणाली, नको, मीच नव्हते ना. दादा, तुम्ही म्हणत होतात की काही गोष्टी वहीतून भरून निघत नाहीत, ते मला त्या संध्याकाळी कळलं. शाळेने आम्हाला अडवलं असतं तर बरं झालं असतं असं तरीही वाटलं नाही. पण किंमत तिने दिली, मी नाही, एवढं इथे लिहून ठेवायचं होतं.

आज सकाळी सोमवारसारखंच उठवलं. "जायचंय ना?" असं तिने विचारलं नाही. पी.टी.चा तास होता. मैदानात तीन चकरा मारल्या म्हणे.

वर्तकनगरवाला
27 जानेवारी, रात्री 11.15

मागच्या ओळीचं वाचून वाईट वाटलं. माझ्या भाचीचा अनुभव सांगतो. ग्रुप डान्सचा व्हिडिओ एखाद्या मुलीच्या फोनवर असतोच, तो मागवून घ्या आणि घरी टीव्हीवर लावा. गॅदरिंगला आठ दिवस तरी असतील अजून. ओळ नाही बदलली तरी पाय चुकणार नाहीत.

खाडीपलीकडची
27 जानेवारी, रात्री 11.24

हे सुचलंच नव्हतं. आत्ताच मागवते. मनापासून आभार, दादा.

फळा_खडू
28 जानेवारी, सकाळी 6.50

मोठ्या भागाकाराला आधी ज्या संख्येने भागायचंय तिचा पाढा बाजूला समासात लिहून घ्यायला सांगा, मग गणित. निम्मी भीती जाते.

आणि त्या नाटकात राणीचं पुढे काय झालं? लेक झोपली तेव्हा राणी वनात होती की महालात?

खाडीपलीकडची
28 जानेवारी, सकाळी 8.05

वनात. पुढचं बाबांनी गाडीत सांगितलं. काल रात्री तिने ते आजोबांच्या जुन्या धोतराचा पदर करून आम्हाला करून दाखवलं, वही न घेता.